टाइमशेअरचे पॉइंट देऊन दुसऱ्या रिसॉर्टला जायचं का? आधी एका रात्रीचा हिशोब काढा

"साहेब, तुमचे यंदाचे सात दिवस पडून आहेत. वाया घालवू नका, एक्स्चेंजला टाका आणि गोव्याला नाही तर थायलंडला जाऊन या." टाइमशेअरची मेंबरशिप घेतलेल्या माणसाला असा फोन कधी ना कधी येतोच. आपल्याकडे ही मेंबरशिप फक्त जळगाव-धुळे शहरातल्या डॉक्टर-वकिलांनी घेतलेली नाही. झेडपीचे शिक्षक, कृषी केंद्रवाले, रावेर-यावलकडचे केळी बागायतदार, जिनिंगवाले अशा अनेकांनी हॉटेलात नवरा-बायकोला बोलावून झालेल्या त्या दोन तासांच्या मीटिंगमध्ये सही केलेली आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हौसेनं फिरणं होतं. मग त्याच त्या जागांचा कंटाळा येतो, नाही तर पाहिजे त्या तारखेला खोली मिळत नाही. एक्स्चेंजचा विषय निघतो तो इथंच.

हा व्यवहार परवडतो का, याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. पण उत्तर काढायला लागणारे सगळे आकडे तुमच्या स्वतःच्या कागदात आणि मोबाइलमध्ये आहेत. कुणा एजंटला विचारायची गरज नाही.

आधी टाइमशेअर म्हणजे काय ते थोडक्यात. एकदाच मोठी रक्कम भरायची आणि ठराविक वर्षं, दरवर्षी ठराविक दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. देशात स्टर्लिंग १९८६ पासून आणि क्लब महिंद्रा १९९६ पासून या धंद्यात आहे. क्लब महिंद्राची सगळ्यांना माहीत असलेली मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला सात दिवसांची. तिच्यात पर्पल, रेड, व्हाइट, ब्ल्यू असे सीझनचे रंग असतात. नाताळ-नवीन वर्षासारखे गर्दीचे दिवस पर्पलमध्ये, मंदीचे ब्ल्यूमध्ये. खोली लहान की मोठी तेही आधीच ठरतं. याशिवाय दरवर्षी मेंटेनन्सची फी भरावी लागते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. गेलात तरी भरायची, नाही गेलात तरी भरायची. पॉइंटवाल्या मेंबरशिपमध्ये वेगळं काही नसतं. सात दिवसांच्या नोटेची मोड करून दिलेली असते, एवढंच. गर्दीच्या दिवसात एका रात्रीला जास्त पॉइंट कापले जातात, मंदीत कमी.

आता एक्स्चेंज. इथं लोकांची पहिली गल्लत होते, कारण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं. तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या रिसॉर्टला जाणं हे खऱ्या अर्थानं एक्स्चेंज नाही, तो तुमच्या मेंबरशिपचाच भाग आहे. खरं एक्स्चेंज म्हणजे तुमचे दिवस बाहेरच्या एक्स्चेंज कंपनीकडे जमा करायचे आणि त्या बदल्यात भलत्याच रिसॉर्टमध्ये खोली मागायची. यातली सगळ्यात मोठी कंपनी आरसीआय. ती १९७४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला सुरू झाली. दोन वर्षांनी इंटरव्हल इंटरनॅशनल आली. जगभरातली हजारो रिसॉर्ट अशा कंपन्यांशी जोडलेली आहेत. त्यांचं मेंबर राहायला वर्गणी असते. पहिली काही वर्षं ती बऱ्याचदा तुमची कंपनीच भरते, म्हणून फुकट वाटते. आणि दर वेळी खोली बदलून घेताना एक्स्चेंज फी वेगळी.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. आपली सावड आठवा. एकच बैल असलेले दोघं शेतकरी जोडी जमवायचे, दोन दिवस याचं शेत, दोन दिवस त्याचं. फरक एवढाच की सावडीत समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि मधे कुणी दलाल नसतो. एक्स्चेंजमध्ये तुमचे दिवस एका मोठ्या दावणीला बांधले जातात आणि दावणीचा मालक ठरवतो की याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळेल. मृगाच्या तोंडावर तिफणीला जुंपायची जोडी आणि माघात रिकामी उभी असलेली जोडी, दोघांना सारखा भाव कोण देईल? तसंच इथं. तुम्ही दिवाळीतला आठवडा जमा केला तर वजन जास्त, भर पावसातला केला तर कमी. कमी वजनाच्या आठवड्यावर मे महिन्यातलं मनाली मागितलं तर यादीत ते दिसणारच नाही. कंपनी खोटं बोलत असते असं नाही. "हजारो रिसॉर्ट" हे खरंच असतं. पण ती सगळी तुमच्या वजनात बसत नाहीत, ही ओळ मीटिंगमध्ये कुणी वाचून दाखवत नाही.

हिशोब असा मांडा

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या पावतीवरून घ्या.

समजा वार्षिक फी २०,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून २३,६००. सात रात्रींना भागलं तर रात्रीला ३,३७१ रुपये. इथपर्यंत फक्त तुमच्या कंपनीच्या रिसॉर्टचा खर्च झाला. आता एक्स्चेंज फी समजा १५,०००. सात रात्रींना भागली की रात्रीला आणखी २,१४३. म्हणजे ५,५१४ झाले. काही रिसॉर्ट वीज-पाणी, रिसॉर्ट फी, स्थानिक कर असं काही ना काही काउंटरवर घेतात. ते रात्रीला १,००० धरा. एकूण ६,५१४ रुपये.

आता मोबाइल उघडा. तेच रिसॉर्ट, त्याच तारखा, तेवढीच मोठी खोली. हॉटेल बुकिंगच्या दोन ॲपवर करासकट भाव बघा आणि रिसॉर्टला सरळ फोन करून विचारा. पाच हजाराला मिळत असेल तर एक्स्चेंज करून तुम्ही रात्रीला दीड हजार जास्त मोजताय. नऊ हजार असेल तर एक्स्चेंज फायद्याचं. नव्वद टक्के लोक हा एक फोन करत नाहीत, असं माझं मत आहे. केळीचा घड कापायच्या आधी चार व्यापाऱ्यांना भाव विचारणारा माणूस इथं मात्र एकाच्याच शब्दावर पैसे भरतो.

आणखी एक खाचखळगा. एक्स्चेंज फी साधारणपणे पूर्ण आठवड्याची असते. सात रात्री सुटी काढून राहणारं कुटुंब आपल्याकडे किती? गुरं कोण बघेल, पाण्याची पाळी कोण देईल, म्हणून माणूस चौथ्या दिवशी परत फिरतो. वरच्याच हिशोबात सातऐवजी चार रात्री राहिलात तर फी आणि एक्स्चेंज मिळून ३८,६०० भागिले चार, म्हणजे रात्रीला ९,६५०. वर काउंटरचे हजार. १०,६५० रुपयांत चांगल्या हॉटेलची खोली कुठंही मिळते, आणि ती मेंबर न होता मिळते.

जेवणाचा खर्च लोक धरतच नाहीत. रिसॉर्टमध्ये चार माणसांचा दोन वेळचा जेवणाचा आणि नाश्त्याचा खर्च कधी कधी खोलीच्या खर्चाच्या वर जातो. परदेशातल्या बऱ्याच टाइमशेअर खोल्यांना स्वयंपाकघर असतं. आपल्या देशात ते असेलच असं नाही आणि बाहेरचं जेवण आत आणायला मनाईही असू शकते. बुकिंग करण्याआधी हे विचारून घ्या. काही ठिकाणी एक्स्चेंजवर येणाऱ्याला जेवणाचं पॅकेज घेणं सक्तीचं असतं. तसं असेल तर ते पैसेही रात्रीच्या हिशोबात धरा.

भरलेले पैसे धरायचे की नाही?

यावर वाद होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रश्न असा असतो: पैसा भराई गयात, आते काय करानं? उत्तर दोन माणसांसाठी दोन वेगळं आहे.

ज्यांनी मेंबरशिप आधीच घेतली, त्यांनी सुरुवातीला भरलेले तीन-चार लाख या हिशोबात धरू नयेत. ते गेले. पेरलेलं बियाणं उकरून परत पोत्यात भरता येत नाही. "एवढे पैसे भरलेत, मग वसूल करायला नको का," या विचारानं माणूस आणखी १५ हजार एक्स्चेंज फी आणि ६० हजार विमानाचं तिकीट काढतो. वसुली होत नाही, खर्च मात्र वाढतो.

त्याच्याही पुढं जाऊन, यंदाची वार्षिक फी भरून झाली असेल आणि दिवस डिसेंबरअखेर बुडणारच असतील, तर तीही धरू नका. मग हिशोब फक्त एक्स्चेंज फी आणि काउंटरच्या पैशांचा. वरच्या उदाहरणात रात्रीला ३,१४३ रुपये. एवढ्यात तुम्हाला खरोखर जायचं आहे अशा जागी चांगली मोठी खोली मिळत असेल तर जरूर जा. मात्र त्याआधी स्वतःच्या कंपनीचं जवळचं रिसॉर्ट रिकामं आहे का ते बघा, कारण तिथं एक्स्चेंज फी लागत नाही. आपल्या भागातल्या क्लब महिंद्राच्या मेंबरला सापुताऱ्याजवळ नाशिक जिल्ह्यातलं हतगडचं रिसॉर्ट गाडीनं काही तासांवर आहे. सप्तशृंगीच्या दर्शनाला खान्देशातून हजारो लोक जातातच, हतगड त्याच बाजूला पडतं. दिवस पुढच्या वर्षी ओढता येतात का, नातेवाइकाला देता येतात का, हेही विचारा. बऱ्याच कंपन्यांत थोड्या अटींवर तशी सोय असते.

ज्यांनी अजून घेतली नाही आणि "एक्स्चेंज करून जग फिरता येईल" म्हणून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी मात्र सगळं धरायचं. समजा चार लाख रुपये. ते बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २६,००० व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहतं. मेंबरशिपमध्ये मुद्दलही २५ वर्षांत संपतं. गेलेलं व्याज २६,००० आणि फी २३,६०० मिळून ४९,६००, म्हणजे एक्स्चेंजच्या आधीच रात्रीला ७,०८६ रुपये. त्यात एक्स्चेंज आणि काउंटरचे पैसे धरले की दहा हजारांच्या वर. ईएमआयवर घेतली तर कर्जाचं व्याज आणखी वेगळं. शिवाय फी आहे तेवढीच राहत नाही. वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तरी साधारण १२ वर्षांत दुप्पट होते. कापसाचा भाव १२ वर्षांत दुप्पट होईल अशी हमी कुणी देत असेल तर गोष्ट वेगळी.

आपलं कॅलेंडर आणि त्यांचं कॅलेंडर

एक्स्चेंजसाठी मागणी नऊ-दहा महिने आधी टाकली तर चांगल्या जागा मिळण्याची शक्यता असते. नोकरदाराला ते जमतं. कापूसवाल्याला दिवाळीत वेचणीचे मजूर मिळतील की नाही तेच माहीत नसतं. केळीवाल्याचा माल कधी कापला जाईल ते व्यापारी आणि रावेरचा बोर्ड भाव ठरवतो. आपल्याला खरी उसंत मिळते ती आखाजीच्या आसपास, वैशाखात. त्याच वेळी शाळांना सुट्या, त्याच वेळी सगळ्या थंड हवेच्या ठिकाणांचा भाव सगळ्यात जास्त, आणि त्यातच लग्नाच्या तिथी. रेड किंवा पर्पल सीझन नसलेल्या मेंबरला त्या दिवसात खोली मिळणं कठीण.

मग उरतात जुलै-ऑगस्टचे आणि परीक्षेच्या आधीचे दिवस. तेव्हा पॉइंट चालतात, पण गंमत अशी की तेव्हा गोव्यात आणि कोकणात खोल्यांचे भावच उतरलेले असतात. सरळ पैसे देऊन स्वस्तात मिळणारी खोली घ्यायला एक्स्चेंज फी कशाला भरायची? हा या सगळ्या व्यवहारातला गाभ्याचा मुद्दा आहे. बाजारात खोली महाग असते तेव्हाच एक्स्चेंजमध्ये फायदा, आणि नेमकी तेव्हाच ती एक्स्चेंजमध्ये सहज सापडत नाही.

एकदा दिवस जमा केले की ते सहसा परत मिळत नाहीत. त्यांना मुदत असते, साधारण दोन वर्षांच्या आसपास. मुदत वाढवायची तर पुन्हा फी. म्हणून आधी जागा दिसते का ते बघून मग जमा करा. "आधी जमा करा, मग दाखवतो" असं कुणी म्हटलं तर थांबा.

मग हे फायद्याचं कुणाला? एक म्हणजे ज्याच्याकडे वरच्या सीझनची आणि मोठ्या खोलीची मेंबरशिप आहे, आणि घरात वेळ काढू शकणारं निवृत्त माणूस आहे. दुसरं, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे. अमेरिकेत गेलेल्या मुलाकडे तिकीट काढून जाणारच असाल, तर तिथं सगळ्यांनी मिळून आठवडाभर दोन बेडरूमच्या, स्वयंपाकघर असलेल्या घरात राहणं हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा खूप स्वस्त पडू शकतं. फ्लोरिडातल्या ऑरलँडोला तर टाइमशेअरची रिसॉर्ट एवढी आहेत की एक्स्चेंजमध्ये जागा मिळणं तुलनेनं सोपं जातं. कळण्याचं पीठ सोबत नेलं की भाकरीही तिथंच. तिकीट जिथं तसंही काढायचं आहे तिथं एक्स्चेंज बसतं. एक्स्चेंजसाठी म्हणून तिकीट काढायचं असेल तर शंभरात पाच वेळा बसत असेल.

दोघं नवरा-बायको दोन-तीन रात्रींसाठी जाणार असतील तर त्यांनी या भानगडीत पडूच नये. तोरणमाळला किंवा अजिंठ्याजवळ फर्दापूरला एमटीडीसीची सोय आहे. ऑनलाइन बुकिंग होतं, मेंबरशिप नाही, वार्षिक फी नाही.

"अपग्रेड करा" म्हणणारे

एक्स्चेंज जमलं नाही म्हणून तक्रार केली की बऱ्याचदा उत्तर येतं, "तुमचे पॉइंट कमी पडतात, दीड-दोन लाख भरून अपग्रेड करा." जुन्याचा हिशोब जमत नसेल तर नवीन पैसे टाकून तो जमत नाही. अपग्रेडनंतर नेमकं कोणतं रिसॉर्ट, कोणत्या महिन्यात मिळेल ते ई-मेलवर लिहून मागा. लिहून येत नसेल तर समजून घ्या.

दुसरे भामटे वेगळे. "तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे पैसे आधी भरा." कंपनीचं नाव, तुमचा मेंबर नंबर सगळं त्यांना माहीत असतं. एक रुपयाही भरू नका. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा दलाल बैलबाजारातही नसतो.

आणि पॉइंट म्हणजे पैसे, ही समजूत तर महाराष्ट्राला फार महागात पडलेली आहे. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलातल्या "रूम नाइट" विकायची. राहायला जा, नाही तर मुदत संपल्यावर वाढीव रक्कम घ्या, असा पर्याय असायचा. बहुतेकांना राहायला जायचंच नव्हतं, लोकांनी ती ठेव म्हणूनच घेतली. सेबीनं ३१ जुलै २०१४ रोजी अंतरिम आदेश काढून नवीन पैसे घ्यायला मनाई केली आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करायला सांगितलं. रक्कम सात हजार कोटींच्या वर, गुंतवणूकदार ५० लाखांच्या वर. रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या हॉलिडे प्लॅनवरही २०१५ मध्ये सेबीनं असाच आदेश दिला. साध्या टाइमशेअर कंपन्या आणि या योजना एक नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण "नाही वापरले तर पैसे वाढून मिळतील" हे वाक्य कानावर पडलं की ती सुटी राहत नाही, गुंतवणूक होते, आणि मग सेबीची परवानगी आहे का हा पहिला प्रश्न.

तक्रार कुठं करायची?

नवीन सही केली असेल तर बहुतेक करारांत ठराविक दिवसांच्या आत रद्द करण्याची मुभा असते. करार घरी आल्याबरोबर ते कलम शोधा आणि रद्द करायचं असेल तर ई-मेलनं कळवा, नुसता फोन नको. फोनवर काय बोलणं झालं ते नंतर कुणाला आठवत नाही.

सांगितलेलं दिलं नाही, एक्स्चेंज फी घेऊन जागा दिली नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं काम झालं नाही तर जळगावला आणि धुळ्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. करारात "वाद मुंबईच्या किंवा चेन्नईच्या न्यायालयात" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. मेंबरशिपचा करार, दरवर्षीच्या फीच्या पावत्या, एक्स्चेंजची मागणी कोणत्या तारखेला टाकली त्याचा स्क्रीनशॉट आणि कंपनीचे ई-मेल हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. मोबाइल बदलताना स्क्रीनशॉट जातात, म्हणून गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांचे प्रिंट आजच काढून घेतलेले बरे.